रघूची पुडी

सातव्या प्रश्नाशी निर्मलाचं पेन थांबलं.

"वास नीट येतो का? येत नसल्यास कधीपासून?" तिनं वाचून दाखवलं.

"येतो," मी म्हणालो. "पुढचा घे."

तिनं पुढचा घेतला नाही. चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्याकडे बघत बसली. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती. या बघण्याचा अर्थ मला चांगला ठाऊक होता.

नऊ वर्षांपूर्वीची ही गोष्ट. दत्तजयंती चार दिवसांवर आली होती. तासगावात सकाळी स्वेटर घालून बसावं इतपत थंडी होती आणि सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी दिलेला दोन पानी कागद स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरून आम्ही दोघं परीक्षेला बसल्यासारखे बसलो होतो. पंधरा दिवसांपूर्वी बाईंनी मला अंगठ्यावर बोट टिचकवायला लावलं, दारापर्यंत चालवलं, परत फिरवलं आणि मग शांतपणे पार्किन्सन हे नाव सांगितलं. घाबरवलं नाही. गोळी सुरू केली, हा कागद हातात दिला आणि म्हणाल्या, "काका, चोवीस तारखेला गुरुवारी या. तोवर हे भरून आणा. अंदाजे लिहू नका, आठवून लिहा. आणि एकटे भरू नका, तुम्हाला रोज बघणारं माणूस शेजारी घेऊन बसा."

अंदाजे लिहू नका, हे मला सांगायला नको होतं. चौतीस वर्षं मोजणी खात्यात काढलेला माणूस मी. तालुक्यातले निम्मे बांध माझ्या साखळीखालून गेलेले. त्या पंधरा दिवसांत मी माझीच मोजणी केली. अंगणात खडूनं खुणा करून पावलं मोजली. डावं बावीस इंच, उजवं वीस. शर्टाची सहा बटणं लावायला सव्वाचार मिनिटं. गोळी घेतल्यावर हात किती वेळानं शांत होतो आणि किती वेळानं पुन्हा थरथरू लागतो, त्याचं कोष्टक. निर्मला म्हणाली, "नकाशाही काढा की, उत्तर दिशा दाखवून." मी काढला होता. तिला दाखवला नाही.

कागद भरायचं काम मात्र तिच्याकडे होतं. माझं अक्षर ओळीच्या सुरुवातीला ज्वारीएवढं निघायचं आणि शेवटाला राजगिऱ्याएवढं व्हायचं. (आजही हे तीच लिहून घेते आहे. मधूनमधून "असं काही मी म्हणाले नव्हते" म्हणते. तिकडे लक्ष द्यायचं नाही.)

पाचवा प्रश्न झोपेचा होता. झोपेत बोलता का, हातपाय झाडता का. मी "नाही" म्हणालो, तिनं "हो" लिहिलं आणि कंसात "बांधावरून भांडतात" असंही लिहिलं. सहावा पायांचा. चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात का. "उंबऱ्याशी होतात," मी कबूल केलं, "पण क्षणभरच." आणि मग हा सातवा.

"येतो म्हणता ना वास," निर्मला म्हणाली. "मग आत्ता गॅसवर काय आहे ते सांगा."

"आमटी."

"आमटी रोजच असते. वासावरून सांगा."

"तुझ्या आमटीला हल्ली वास असतो कुठे? त्यात तुझा दोष नाही. हिंगच खोटा येतो. मोगऱ्याला वास नाही, तांदळाला नाही, कोथिंबिरीला नाही. सगळं हायब्रीड. खतांनी वाट लावली."

"सगळ्यांचीच लावली?"

"सगळ्यांचीच."

ती उठली. खुंटीवरचा पंचा आणून तिनं माझ्या डोळ्यांवर बांधला. मी हसून घेतलं. "म्हातारपणी आंधळी कोशिंबीर," म्हणालो.

"डब्या हलवायच्या नाहीत, आवाजानं ओळखाल. नुसतं हुंगायचं."

पहिली डबी नाकाशी आली. "जिरं," मी म्हणालो. दुसरी आली. "ही रिकामी आहे." तिसरीला नाकात गार वाटलं. "कापूर," मी ठणकावून सांगितलं.

"बरोबर. पण तो गार लागला म्हणून. वास कसा आला?"

"कापरासारखा."

"बरं. आता शेवटची."

मी हुंगलं. पुन्हा हुंगलं. "हीसुद्धा रिकामी आहे, निर्मला. काय थट्टा लावलीस?"

तिनं पंचा सोडला. जिरं म्हणालो तो हिंग होता, तोही उघड्या डबीत. रिकामी म्हणालो तिच्यात कॉफी होती. आणि तिच्या हातात देवघरातली पितळी डबी होती, बुक्क्याची. माझ्या नाकाच्या शेंड्याला काळं लागलं होतं.

"हा असलाच," मी म्हणालो. "सांगलीच्या दुकानातला. भेसळीचा."

"सांगलीचा नाहीये." तिनं डबीला झाकण लावलं. "वामनभाऊजींच्या दुकानातला आहे. सहा वर्षं तिथूनच आणते. तुम्हाला सांगितलं नाही. आख्खं देवघर दरवळतं, अहो. शेजारच्या काकू विचारतात, कुठून आणता म्हणून."

मी नाक पुसलं. बराच वेळ पुसत बसलो.

आता वामनबद्दल सांगायला हवं.

वामन सुगंधी माझ्या बरोबरीचा. त्यांचा घरचा धंदा कुंकू, बुक्का, अष्टगंध आणि उदबत्तीचा, दत्ताच्या देवळाच्या गल्लीत दुकान. आम्ही दोघं चौथी-पाचवीत असल्यापासून देवळात कीर्तनाला बसायचो, डावीकडच्या तिसऱ्या खांबाला टेकून. दुसरी मुलं आख्यानापुरती यायची, गोष्ट ऐकून पळायची. आम्हाला पूर्वरंगाचीही गोडी लागली होती. बुवा एकच ओवी घेतात आणि तिच्यातून तासभर वाट काढत नेतात. मध्येच टाळ थांबतो, मध्येच हशा पिकतो आणि आपल्याला वाटतं, अरे, हे तर आपल्या घरातलंच सांगताहेत. नोकरीत बदल्या झाल्या तरी दत्तजयंतीला मी रजा टाकून यायचो आणि वामन खांबापाशी माझ्यासाठी पंचा टाकून जागा धरायचा.

पूर्वरंग संपला की मध्यंतर होतं. बुवांना हार घालतात आणि सगळ्यांच्या कपाळाला बुक्का लागतो. तो बुक्का वामनच्या हातचा. नागरमोथा, वाळा, देवदार, कचोरा कुटून वस्त्रगाळ करायचा आणि कोळशाच्या भुकटीत मिसळायचा. वाटी घेऊन तो आधी माझ्याकडे यायचा. चिमूट माझ्या नाकाशी धरून म्हणायचा, "सांग." मी हुंगून म्हणायचो, "चालेल." मग वाटी गावात फिरायची. किती वर्षं चाललं हे, मोजलं नाही. माझं नाक तसं होतंच. नांगरलेल्या रानात उभं राहून खाली पाणी आहे का ते मी सांगायचो, असं लोक म्हणत. त्यात थोडं खरंही होतं.

पुढे माझी तक्रार सुरू झाली. "वामन, कचोरा कमी पडतोय." तो म्हणायचा, "बघतो." पुढच्या खेपेला मी पुन्हा तेच म्हणायचो. आणि एका दत्तजयंतीला, मध्यंतरात, त्यानं चिमूट धरली तेव्हा मला काहीच लागलं नाही. कोळसा नुसता.

"सांग," वामन म्हणाला.

"काय सांगू? वासच नाही."

"रघू, नीट हुंग."

नीट हुंग म्हणजे माझं चुकतंय. चौतीस वर्षं कुणी मला 'नीट मोजा' म्हणालं नव्हतं. भरल्या देवळात, बुवांच्या गळ्यात हार पडत असताना, मी मोठ्यानं म्हणालो, "सुगंधी आडनाव लावून गावाच्या कपाळाला कोळसा फासतोस होय रे?"

चारदोन जण हसले. वामननं वाटी देवापुढे ठेवली आणि चपला न घालताच निघून गेला. त्या दिवसापासून तो देवळात आला नाही. बुक्का दुकानातून यायचा, तो नाही. मीही जायचं सोडलं. त्या खांबापाशी एकटं बसवलं नसतं, हे खरं कारण. निर्मलाला सांगितलं ते वेगळं, "तिथला बुक्का भेसळीचा आहे." सहा वर्षं मी सांगलीला जाऊन कीर्तनं ऐकली, परक्या माणसांत, खुर्चीवर बसून.

"काय लिहू?" निर्मलानं विचारलं.

"येतो असं लिही."

"खोटं लिहायला मी बसले नाहीये."

"नाकाचा आणि हाताच्या थरथरीचा काय संबंध?"

"तो त्यांना ठाऊक. त्यांनी विचारलंय, आपण सांगायचं." तिनं पेन टेबलावर आडवं ठेवलं. "येत नाही असं लिहिलं की वामनभाऊजी खरे ठरतात. म्हणून अडलंय तुमचं."

मी अंगणात जाऊन खडूच्या खुणांवरून दोन फेऱ्या मारल्या. परत आलो आणि म्हणालो, "लिही. येत नाही."

तिनं लिहिलं. "कधीपासून?"

"सहा वर्षं."

"सहा वर्षांपूर्वी भांडलात. वास त्याच्या आधीपासून कमी होत आला असणार. कचोरा कमी, कचोरा कमी, चाललं होतं की तुमचं. ते कधीपासून?"

मला सांगता येईना. आणि 'अंदाजे' लिहायचं नव्हतं.

"वामनभाऊजींना आठवत असेल," निर्मला कागदाकडे बघत म्हणाली.

मंगळवारी सकाळी मी गोळी घेतली, पाऊण तास थांबलो, कोष्टकाप्रमाणे हात शांत झाल्यावर निघालो. कागद खिशात होता. तोंडानं वाक्यं जुळवत होतो. पहिलं वाक्य, दुसरं वाक्य, मग क्षमा. देवळावरून गेलो. मांडव घातला होता, केळीचे खुंट बांधायचं चाललं होतं. बाहेरूनच नमस्कार केला आणि गल्लीत वळलो.

दुकानाच्या पायरीपर्यंत ठीक आलो. उंबऱ्याशी पाय थांबले. चिकटलेच. आत गल्ल्यामागे वामन उदबत्त्यांचे पुडे रचत होता, त्याची सून शुभांगी खलात काहीतरी कुटत होती. वामननं वर बघितलं. केस सगळे पांढरे झाले होते. मी उंबऱ्याबाहेर उभा, तो आत.

शेवटी तो म्हणाला, "आत यायचं नसेल तर उन्हात उभा राहू नकोस."

"यायचंय," मी म्हणालो. "पाय उचलत नाहीत."

"सहा वर्षं उचलत नव्हतेच."

"तसं नाही, वामन. खरंच उचलत नाहीत. आजार झालाय."

तो बाहेर आला. माझा हात बघितला, तो पुन्हा थरथरू लागला होता. चेहरा बघितला. आणि मग काय त्याच्या मनात आलं, देव जाणे, गल्ल्यावरचं वजन उचलून त्यानं तागडीच्या पारड्यावर ठेका धरला. गजर सुरू व्हायच्या आधी आमच्या देवळात टाळ वाजतो तोच. टण टण, टटण टण. माझं उजवं पाऊल आपोआप उचललं गेलं आणि मी आत आलो.

"अजून ताल कळतो म्हणायचा," वामन म्हणाला. "बस. शुभांगी, पाणी दे गं यांना."

जुळवलेली वाक्यं सगळी निसटली. मी पाणी प्यालो आणि म्हणालो, "माझं नाक गेलंय, वामन. परवा कळलं. निर्मलानं हिंग हुंगायला दिला, मी जिरं म्हणालो."

"हिंगाला जिरं?"

"कॉफीची डबी रिकामी म्हणालो. आणि तुझा बुक्का..." मी पेला खाली ठेवला. "आख्खं देवघर दरवळतं म्हणते ती. मला काही नाही. तेव्हाही नव्हतंच. वास होता, मलाच येत नव्हता."

वामन माझ्याकडे बघत राहिला. रागावला नाही, हसलाही नाही. मला वाटलं, त्याला ऐकू आलं नाही. माझा आवाजही बारीक होत चालला होता, तो आठवा प्रश्न होता.

"शुभांगी," तो म्हणाला, "खालच्या खणातली ती जुनी वही काढ. लाल पुठ्ठ्याची."

सुनेनं वही आणून दिली. त्यात त्याची मापं होती. कोणता जिन्नस किती घातला, तारीखवार. त्याचं अक्षर मोठं, मुलांच्या पाटीवरच्यासारखं. त्यानं पानं उलटली आणि एका ठिकाणी बोट ठेवून वही माझ्यापुढे सरकवली.

"चौदा ऑगस्ट दोन हजार आठ," मी वाचलं. "श्रावणातला दुसरा गुरुवार. रघू म्हणतो कचोरा कमी. मला नाही वाटत. तरी वाढवला."

पुढच्या पानावर कोजागिरी. "रघू पुन्हा म्हणाला. वाढवला." त्यापुढे माघ. "रघूची पुडी वेगळी केली. कचोरा दुप्पट." मग गुढीपाडवा. "रघूची पुडी, तिप्पट. घरात सगळ्यांना शिंका."

"वेगळी पुडी?" मी विचारलं.

"गावाला सोसणार नाही म्हणून," वामन म्हणाला. "वाटीत एका कडेला तुझा ठेवायचो. ती चिमूट तुझ्या नाकाशी धरायचो, बाकीचा लोकांना. शेवटी शेवटी तर तुझ्या कपाळाला लावला की माझ्याच डोळ्यांतून पाणी यायचं."

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशी चौपट होता."

मी पान उलटलं. दत्तजयंतीच्या नोंदीनंतर अर्धं पान कोरं होतं. पुढची अक्षरं बारीक आणि तिरकी होती.

"हे कुणाचं?"

"हिचं. त्यानंतर मी मिसळण केलं नाही. हीच करते."

"का?"

वामननं वही मिटली. "तू म्हणालास वास नाही. मला तर येत होता, डोक्यात जाईल इतका. म्हणजे दोघांतल्या एकाचं नाक बिघडलेलं. तुझं नाक कधी चुकलं नव्हतं, रघू. रागावून गेलो, पण रात्रभर विचार केला आणि म्हटलं, आपलंच गेलं. भास होतोय आपल्याला. उगाच गावाच्या कपाळाला काहीतरी लावायचं, ते नको."

"घरात उदबत्ती पेटवली तरी मला विचारतात," शुभांगी खलावरून मान वर न करता म्हणाली. "येतोय का गं वास, म्हणून. मी म्हणते, आण्णा, येतोय. तर म्हणतात, तू मला बरं वाटावं म्हणून सांगतेस."

मला त्या क्षणी काय वाटलं ते लिहून घे म्हणालो तर निर्मला म्हणते, राहू दे, कळतं. राहू दे.

"म्हणजे," वामन सावकाश म्हणाला, "मला येतो तो वास खरा आहे?"

"खरा आहे."

तो उठला. मागच्या फळीवरून एक बरणी काढली, झाकण उघडलं, डोळे मिटले. "वाळा," म्हणाला. शुभांगी आता त्याच्याकडे बघत होती. "हो, आण्णा." दुसरी काढली. "देवदार." "हो." "नागरमोथा. जुना आहे गं हा, गेल्या वर्षीचा." "हो, आण्णा, काढायचाच होता." एकेक बरणी उघडत तो फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. एकही चुकला नाही. शेवटच्या बरणीत त्यानं नाक खुपसलं ते लवकर वर काढलं नाही.

"कचोरा," आतून आवाज आला.

मी खिशातला कागद काढून पुढे केला. "यात तारीख हवी आहे. तू लिही. माझं अक्षर राजगिऱ्याएवढं होतं."

त्यानं सातव्या प्रश्नापुढे पाटीवरच्या अक्षरात चौदा ऑगस्ट दोन हजार आठ असं लिहिलं. जागा कमी पडली म्हणून श्रावणातला दुसरा गुरुवार समासात गेला.

गुरुवारी, दत्तजयंतीच्याच दिवशी, सांगलीला आम्ही तिघं गेलो. वामन येतो म्हणाला, मी नको म्हणालो नाही. बसमध्ये निर्मलानं आमची उजळणी घेतली. गोळ्यांची पाकिटं पिशवीत, कोष्टक वर, कागद त्याखाली, आणि आपले प्रश्न वेगळ्या चिठ्ठीवर. आत गेल्यावर 'बरं आहे' असं म्हणायचं नाही, जे आहे ते सांगायचं. "आणि नकाशा मी घेतलाय," ती म्हणाली. "गादीखाली सापडला."

डॉक्टरीणबाईंनी सगळं सावकाश वाचलं. नकाशा पाहून त्यांना हसू आलं, पण त्यांनी तो फाइलला लावून घेतला. उजवं पाऊल दोन इंच कमी, हे त्यांना उपयोगी वाटलं. कोष्टक बघून दुपारच्या गोळीची वेळ त्यांनी अर्धा तास अलीकडे आणली आणि जेवणाआधी घ्यायला सांगितली. मग सातव्या प्रश्नाशी थांबल्या.

"वास गेल्याची तारीख?" त्या म्हणाल्या. "असं कुणी लिहून आणत नाही, काका. वास बऱ्याच जणांचा जातो, थरथरीच्या कितीतरी वर्षं आधी, आणि त्यांना कळतही नाही. तुम्हाला वारासकट कसं आठवतं?"

"मला नाही आठवत. यांच्याकडे लिहिलेलं होतं."

त्यांनी वामनकडे बघितलं. "आपण कोण यांचे? भाऊ?"

"नाही, बाई," वामन म्हणाला. "मी यांचं नाक."

निर्मलानं आपल्या चिठ्ठीतला पहिला प्रश्न विचारला. वास परत येईल का. बाईंनी खरं तेच सांगितलं. बहुतेक नाही. हात आणि पाय गोळीनं, व्यायामानं पुष्कळ राखता येतील, चालायला टाळाच्या ठेक्याचा उपयोग होत असेल तर तो जरूर करा, पण वासासाठी औषध नाही. मी मान हलवली. चार दिवसांपूर्वी हे ऐकलं असतं तर मनाला लागलं असतं. त्या दिवशी फार लागलं नाही.

चारच्या सुमाराला आम्ही गावात परतलो ते थेट देवळात. दत्तजन्म सूर्यास्ताला, कीर्तन त्याआधी. डावीकडचा तिसरा खांब मोकळा होता. मोकळा म्हणजे, तिथं पंचा टाकलेला होता. शुभांगीनं सकाळीच टाकला होता.

बुवा नवे होते, पण आवाज मोकळा, आणि पूर्वरंगात धरलेली ओवी त्यांनी अशी उलगडली की मी मांडीवर ताल धरला आहे, हे मला नंतर कळलं. थरथर आणि ताल यांतलं काय कुठलं, ते सांगता आलं नसतं. मध्यंतर झालं. बुवांना हार घालायला पुजारी पुढे झाले आणि वामन वाटी आणायला गाभाऱ्याकडे गेला. तेव्हा मी खांबाला धरून उभा राहिलो.

सहा वर्षांपूर्वी जे बोललो ते मोठ्यानं बोललो होतो. हेही तसंच बोलायचं, असं ठरवून आलो होतो.

"याच देवळात," मी म्हणालो, "याच जागी, मी वामन सुगंधीच्या बुक्क्याला वास नाही म्हणालो होतो. ते खोटं होतं. वास होता. माझं नाक गेलं होतं. आज डॉक्टरांनी सांगितलं. मी सगळ्यांसमोर त्याची क्षमा मागतो."

पण माझा आवाज पहिल्या दोन ओळींच्या पुढे गेलाच नव्हता. मागून बायकांच्या बाजूनं कुणीतरी विचारलं, "काय म्हणाले शिंत्रेकाका?" दुसऱ्या कुणी म्हणालं, "ऐकू नाही आलं. जोरात बोला."

मी पुन्हा प्रयत्न केला. आवाज आणखी खाली गेला. वामन वाटी घेऊन माझ्याशेजारी येऊन उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि मग मागच्या ओळींकडे वळून खणखणीत आवाजात म्हणाला, "म्हणतोय, बुक्का चांगला होता."

देऊळ हसलं. बुवाही हार सावरत हसले. त्या हसण्यात सहा वर्षांपूर्वीचे ते चारदोन जणही असतील. मी खाली बसलो. वामन माझ्यासमोर उकिडवा बसला. त्यानं चिमूट घेतली आणि जुन्या सवयीनं माझ्या नाकाशी धरली.

"सांग."

"मी काय सांगणार?" मी म्हणालो. "तूच सांग."

त्याचा हात क्षणभर तसाच राहिला. मग चिमूट त्यानं स्वतःच्या नाकाशी नेली आणि डोळे मिटले. काल दिवसभर बसून त्यानं स्वतःच्या हातानं केलेलं ते मिसळण होतं, सहा वर्षांनी पहिल्यांदा.

"कचोरा जरा जास्त झालाय," तो म्हणाला. "तुझी सवय लागलीय हाताला."

आणि त्यानं तो माझ्या कपाळाला लावला, बोट जरा दाबून, नेहमीसारखा.

"चालेल," मी म्हणालो.

मग वाटी गावात फिरली. पेटीवाल्यानं सूर धरला आणि बुवा आख्यानाला उभे राहिले.